मांडलेलं गिऱ्हाईक

भुकेलं माणूस रिकाम्या खानावळीत पाऊल टाकत नाही. पोटात कावळे ओरडत असले तरी आधी बाहेरून डोकावेल, खुर्च्या रिकाम्या दिसल्या की नाक मुरडून पुढे जाईल, आणि शेजारी जिथे चार टाळकी दिसतील तिथे उभ्यानं शिळं गिळेल. किनाऱ्यावरच्या रांगेतल्या प्रत्येक टपरीवाल्याला हे ठाऊक होतं. म्हणून सीझन मंदा असला की माणसं मांडायची रीत होती. भाऊ, मेव्हणा, चुलती, जो कोणी मोकळा सापडेल तो धुतलेले कपडे घालून पुढच्या टेबलाशी बसायचा. समोर ताटली, हातात चमचा. त्याला रांगेत 'मांडलेलं गिऱ्हाईक' म्हणत. सगळेच मांडत, म्हणून कोणी कोणाची चहाडी करत नसे.

यंदा तर मांडण्यावाचून कोणाचीच सुटका नव्हती. सीझनच्या तोंडावरच समुद्रानं शेवाळ ओकलं. गुडघाभर तपकिरी लगदा वाळूवर येऊन पडला आणि उन्हात कुजला. नासक्या अंड्याचा वास. पाहुणे यायचे, नाकाला रुमाल लावून फोटो काढायचे आणि उत्तरेच्या टोकाला काचेची खानावळ झाली होती तिकडे गार हवेत जाऊन बसायचे.

त्यात नगरपालिकेनं नवं काढलं. रांगेत बावीस टपऱ्या, त्यातल्या चौदाच ठेवायच्या. चालत्या त्या राहतील, मेलेल्या त्या बसस्टँडच्या मागे जातील. चालती कुठली नि मेलेली कुठली हे ठरवायला साहेबांनी खुर्चीत बसून अक्कल चालवली ती अशी: सीझनमध्ये तीनदा, न सांगता, दुपारी बारा ते दोनच्या मध्ये कारकून येईल आणि भरलेल्या खुर्च्या मोजेल. बारा भरलेल्या हव्यात. दोनदा कमी पडल्या की जागा गेली. बसस्टँडच्या मागे एक मुतारी होती आणि एक लांबलचक भिंत. तिथे मासा तळून कोणाला घालायचा, ते कागदात लिहिलेलं नव्हतं.

पहिल्या मोजणीला कढईवालीच्या टपरीत सात खुर्च्या भरल्या होत्या.

कढईवाली म्हणजे त्या घरची सून. तिला हे नाव रांगेनं दिलं होतं, कारण बारा वर्षांत तिला कढईपासून चार पावलं लांब कोणी पाहिलंच नव्हतं. मनगटापासून कोपरापर्यंत तेलाचे जुने ठिपके, काही काळे, काही पांढरे. नवा ठिपका पडला तरी ती हात मागे घेत नसे. चामडी मेली होती तिथली. घरात नवरा, सासरा आणि नणंद. नणंद लॉजवर खोल्या झाडायची, चादरी बदलायची. सासरा टपरीचा मूळ मालक. चाळीस वर्षं त्यानं मासा तळला, त्यातली शेवटची काही सुनेच्या जोडीनं. गेल्या साली हात थरथरायला लागले आणि सुरी दोनदा बोटावर चालली, तेव्हा सुनेनं सुरी काढून घेतली. नंतर झाराही काढून घेतला. मग म्हाताऱ्याला करायला काहीच उरलं नाही.

"मला मांडा की," पहिली मोजणी हुकली त्या संध्याकाळी म्हातारा म्हणाला. "रिकामा तर बसतोच घरी. तिथे बसेन."

"तुम्हाला सगळी रांग ओळखते," मुलगा म्हणाला.

"रांग ओळखते. कारकून नवा आहे. त्याच्या बापालासुद्धा माहीत नाही मी कोण ते."

असं ठरलं. कारकून कधी येईल याचा नेम नाही, म्हणून रोज बसायचं. साडेअकराला बसायचं आणि अडीचला उठायचं. नणंद दुपारच्या सुटीत येऊन बसायची, सोबत लॉजवरच्या दोघी-तिघींना आणायची. पण त्या येणार, जाणार. कायमचा एकटा म्हातारा.

सुनेनं त्याला नियम सांगितले. रस्त्याकडे तोंड करून बसायचं. आमच्याकडे वळून बघायचं नाही. नावानं, नात्यानं हाक मारायची नाही. गिऱ्हाईक मारतं तशी मारायची. समोरची ताटली खायची नाही.

"खायची नाही?"

"कालचा मासा असतो बाबा. वरून तेल लावून चकचकीत केलेला. पोट बिघडेल. तुम्हाला मी अकराला खायला घालीन, पोटभर."

"म्हणजे देवळातल्या देवासारखं. नैवेद्य समोर, खायचं काही नाही."

"देव तक्रार करत नाही," सून म्हणाली.

म्हातारा हसला. लग्नातला कोट काढला, बाह्यांची कसर झटकली आणि दुसऱ्या दिवशी साडेअकराला पुढच्या टेबलाशी जाऊन बसला.

पहिले चार-पाच दिवस त्याला भलतीच मजा आली. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांचं ऐकून घेतलं होतं, ते सगळं त्यानं व्याजासकट सुनेवर काढलं.

"ओ बाई, हा मासा आहे का चपलेचा तळवा?"

"दुसरा आणते काका."

"आणा. आणि लिंबू द्या एखादं. की लिंबालासुद्धा ओळख लागते इथे?"

शेजारचा सरबतवाला पोट धरून हसायचा. उंच, हडकुळा, डोळ्यांवर जाड भिंगं. त्याच्या टपरीत त्याची सासू मांडलेली असे. ती बसल्या बसल्या झोपून घोरायची. "तुमचं गिऱ्हाईक जिवंत तरी आहे," तो सुनेला म्हणायचा. "माझं बघा. लोकांना वाटतं सरबतात काहीतरी घालतो मी."

"बाबा, एवढं बोलू नका," सून संध्याकाळी म्हणाली. "तक्रार ऐकून खरं गिऱ्हाईक पळेल. नुसतं मधूनमधून काहीतरी मागा. पाणी मागा, मीठ मागा. आवाज असला की टपरी चालती वाटते."

"पाणी मागू."

"हो."

"आणि तू म्हणशील, आणते काका."

"हो."

"आणि आणणार नाहीस."

"सारखं कुठून आणू? माझे दोनच हात आहेत."

मग ती रोजचीच गोष्ट झाली. तो पाणी मागायचा, ती आणते म्हणायची. तो मीठ मागायचा, ती आलेच म्हणायची. तिला कढईपाशी मान वर करावी लागत नसे. तोंड आपोआप बोलायचं.

दिवस सगळे सारखे होते. पहाटे नवरा धक्क्यावरून मासा आणायचा, बर्फाच्या पेटीत भरून, हातगाडीवरून वाळूतून ढकलत. सून खवले काढायची. खवले केसांत, भुवयांत, कानाच्या पाळीला चिकटायचे. मग पोटं साफ करायची, मीठ लावायचं, बटाट्याचे काप करायचे, टेबलं पुसायची, टपरीसमोरचं शेवाळ फावड्यानं ओढून बाजूला करायचं. दुपारपर्यंत समुद्र तेवढंच परत आणून टाकायचा. नवरा शिवी द्यायचा, पण तीसुद्धा सवयीनं. नऊ दिवस झाले, कारकून आला नाही. म्हातारा आता थट्टा करत नव्हता. कोट घामानं पाठीला चिकटायचा. उन्हाची तिरीप साडेबाराला त्याच्या मांडीवर यायची आणि सव्वाला तोंडावर. टेबल मागे घ्या म्हणाला तर नवरा म्हणाला, मागे घेतलं तर रस्त्यावरून कसं दिसणार.

सातव्या दिवशी त्यानं ताटलीतला मासा खाल्ला होता. सुनेनं पाहिलं. सगळ्यांसमोर काही बोलता येईना म्हणून ती टेबल पुसायच्या निमित्तानं गेली आणि दातांतल्या दातांत म्हणाली, "लहान आहात का?" म्हाताऱ्यानं चमचा खाली ठेवला. त्या रात्री त्याला जुलाब झाले. तिनंच धुतलं सगळं.

दहाव्या दिवशी वारा फिरला. रात्रीतून समुद्रानं शेवाळ ओढून नेलं. सकाळी वाळू धुतल्यासारखी, वास नाही. अकरापासून गाड्यांची रीघ लागली. साडेअकराला एक अख्खी बस रांगेसमोर थांबली आणि तिच्यातून माणसं उतरतच राहिली.

"आला बाबा दिवस," नवरा म्हणाला आणि पळाला. बर्फ आण, पाव आण, टेबलाखाली पाचर घाल. सून कढईपाशी उभी राहिली ती हलली नाही. मासा सोडायचा, उलटायचा, काढायचा. झारा, चिमटा, झारा. डोळ्यांत धूर. नणंद आली नाही, लॉजवरही पाहुणे कोसळले होते.

म्हातारा नेहमीच्या जागी कोट घालून बसला होता.

"ओ बाई, पाणी," त्याचा आवाज आला. टपरीतल्या घड्याळात सव्वाबारा वाजले होते. कुठल्या टेबलाचा मासा किती वेळ झाला हे बघायला तिनं तेव्हाच वर पाहिलं होतं, म्हणून ते तिच्या ध्यानात राहिलं.

"आणते काका."

थोड्या वेळानं पुन्हा. "पाणी." या वेळी शब्द जड, जिभेवर दगड ठेवल्यासारखा.

"आलेच."

मग चमचा खाली पडल्याचा आवाज. मग काही नाही.

सरबतवाला पलीकडून म्हणाला, "तुमचं गिऱ्हाईक आज चढवून आलंय काय? काम मात्र झकास चाललंय हां. एकदम खरं."

ती हसलीसुद्धा थोडी. एक खेप काढली, दुसरी सोडली. मग एक बाप, त्याची बायको आणि दोन मुली येऊन उभ्या राहिल्या. बसायला जागा नव्हती. बापानं म्हाताऱ्याच्या टेबलाकडे बोट केलं. "त्यांचं झालंय का? कधीचे नुसते बसलेत."

"बघते," सून म्हणाली आणि फडकं घेऊन गेली.

म्हाताऱ्याच्या तोंडाची डावी बाजू खाली उतरली होती. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ कोटावर गळत होती. डावा हात ताटलीत, माशावर, तेलात. उजवा डोळा तिच्याकडे बघत होता. तो काहीतरी बोलला. नुसती हवा आली.

तिला कळलं. कळायला वेळ लागलाच नाही. तिची आई अशीच गेली होती, चुलीपुढे, असंच तोंड करून. तिनं मान वर केली नवऱ्याला हाक मारायला, आणि तिला तीन टपऱ्यांपलीकडे कारकून दिसला. हातात पुठ्ठ्याची पाटी, कानावर पेन. बोटानं हवेत मोजत होता.

फडकं तिच्या हातात होतं. तिनं त्या फडक्यानं म्हाताऱ्याचं तोंड पुसलं. ताटलीतला हात उचलून पुसला आणि पाण्याच्या ग्लासाभोवती ठेवला. हात घसरला. पुन्हा ठेवला. मग गुडघ्यानं टेबल पुढे रेटलं, कडा म्हाताऱ्याच्या पोटाला लागेपर्यंत, म्हणजे कलणार नाही.

"पाच मिनिटं बाबा," ती म्हणाली. दहा दिवसांत पहिल्यांदा त्या टेबलाशी ती त्याला बाबा म्हणाली.

"झालंय का त्यांचं?" तो बाप म्हणाला.

"जेवतायत ते. हळू जेवतात."

ते कुटुंब कपाळाला आठ्या घालून सरबतवाल्याकडे गेलं. कारकून आला. तरुण होता, बूट वाळूनं भरलेले. बोट हवेत फिरलं, ओठ हलले, पाटीवर आकडा पडला. ती कढईपाशी उभी होती आणि तो जाण्याची वाट बघत होती. तो गेला नाही. त्यानं बूट झटकले आणि मागच्या टेबलाशी एक उठलेलं माणूस बघून तिथे बसला.

"मासा चांगला दिसतोय," तो म्हणाला. "एक ताटली द्या. सकाळपासून पोटात काही नाही."

कोण नाही म्हणणार? तिनं मासा सोडला. त्याला काप हवे होते, ते तळले. त्यानं पाव मागितला. चहा मागितला. चहा गरम म्हणून फुंकत बसला. माणूस वाईट नव्हता, नुसता भुकेला होता. मोजायला बावीस टपऱ्यांवरून पायी फिरवलेला. त्याला मोजायला पाठवणारे त्या वेळी कुठे जेवत होते ते रांगेला माहीत होतं. काचेच्या खानावळीत.

"ते पुढचे आजोबा काही खात नाहीत," कारकून चहा पिता पिता म्हणाला.

"हळू जेवतात," सून म्हणाली.

"तुमचे कोणी आहेत का?"

तेल फसफसत होतं. तिनं झारा फिरवला. "नाही," ती म्हणाली. "गिऱ्हाईक आहेत."

कारकून उठला तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. तो सरबतवाल्याच्या टपरीत शिरेपर्यंत ती थांबली. मग तिनं गॅस बंद केला. बारा वर्षांत भर दुपारी पहिल्यांदा. नवरा पाव घेऊन येत होता, त्याला म्हणाली, "बाबांना काहीतरी झालंय."

त्यांनी म्हाताऱ्याला खुर्चीसकट उचललं. लोक खाता खाता बघत होते, एकानं फोन काढला. सरबतवाल्यानं बर्फवाल्याचा टेम्पो थांबवला. मागे ओल्या पोत्यांवर म्हाताऱ्याला आडवं केलं, सून डोकं मांडीवर घेऊन बसली. रस्ता गाड्यांनी गच्च. दहा दिवस ज्या पाहुण्यांची वाट बघितली त्यांच्या गाड्या एकामागे एक उभ्या होत्या, काचा वर, आत गाणी. नवरा खाली उतरून काचांवर थापा मारत पुढे पळत होता. गावातल्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणाला, इथे काही होणार नाही, शहरातल्या मोठ्या इस्पितळात न्या. शहर लांब. म्हाताऱ्याचा उजवा हात तिच्या एप्रनची कड पकडून होता. सोडत नव्हता. ती खाली बघत नव्हती. मांडी बधिर झाली, मग कंबर. बर्फाचं पाणी कपड्यांतून आत गेलं. तिला गार लागलं नाही.

इस्पितळात पोचले तेव्हा सव्वापाच झाले होते. डॉक्टरीण होती, लहान चणीची, केस घामानं कपाळाला चिकटलेले. तिनं म्हाताऱ्याच्या डोळ्यांत उजेड टाकला, हात उचलून सोडून पाहिला, फोटो काढायला आत पाठवला आणि बाहेर आली.

"मेंदूत रक्ताची गाठ अडकली आहे. एक इंजेक्शन असतं, त्यानं विरघळू शकते. पण सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस जाऊ शकतो. नीट आठवून सांगा. शेवटचं धड बोललेलं कधी ऐकलंत?"

"एक वाजता," नवरा म्हणाला. "वाजून गेला होता एक. एक वीस. हिनं मला लगेच सांगितलं."

डॉक्टरणीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "म्हणजे चार तास होतायत. वेळ आहे." ती वळली आणि नर्सला काहीतरी सांगू लागली.

"सव्वाबारा," सून म्हणाली.

डॉक्टरीण थांबली.

"सव्वाबाराला पाणी मागितलं. ते धड होतं. दुसऱ्यांदा मागितलं ते धड नव्हतं."

"नक्की?"

"घड्याळ बघितलं होतं मी."

"आणि तुम्हाला कधी लक्षात आलं?"

"साडेबाराला."

डॉक्टरणीनं तिच्याकडे पाहिलं. पुढे काही विचारलं नाही. रोज अशी पन्नास माणसं बघत असावी. "मग इंजेक्शन नाही देता येणार," ती म्हणाली. "बाकीचं करू जे होईल ते." आणि आत गेली. दार आपोआप मिटलं.

नवरा भिंतीशी उभा होता. त्याच्या शर्टावर पावाचा भुगा तसाच होता. तो म्हणाला, "साडेबाराला."

"कारकून आला होता."

"मला हाक मारायचीस."

"तुम्ही काय केलं असतंत?"

तो वाईट माणूस नव्हता, आणि खोटं बोलायला त्या घडीला त्याला सुचलं नाही. तो बाकावर बसला. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा.

काळोख पडता पडता तिचा फोन वाजला. सरबतवाला होता.

"कसे आहेत बाबा?"

"आत आहेत. उजवी बाजू हलते. बोलणं गेलं म्हणतात. परत येईल न येईल."

"अरेरे," तो म्हणाला. "तुमची टपरी झाकली मी. तेल गाळून ठेवलंय. आणि ऐका, आता सांगावं की नाही कळत नाही, पण कारकून जाताना माझ्याकडे सरबत प्यायला. पाटी टेबलावर होती, मी बघितली. या मोजणीला तुमची जागा वाचली. एकवीस भरल्या तुमच्या."

"एकवीस?"

"एकवीस. लागत होत्या बाराच. बस आली ना. आज कोणालाच मांडायची गरज नव्हती. माझी सासूसुद्धा घरी पाठवली होती मी अकराला."

"बाबांना धरून एकवीस?"

"धरूनच असणार. का?"

"काही नाही."

नवरा बघत होता. फोनमधला आवाज मोठा होता, त्यालाही सगळं ऐकू गेलं होतं. त्यानं मान वळवली आणि समोरच्या दाराकडे बघत राहिला.

"बरं," सरबतवाला म्हणाला, "मी सकाळी धक्क्यावर जातोय. वारा असाच राहिला तर उद्याही गर्दी होणार. तुमचा मासा सांगून ठेवू का? की बंद ठेवताय?"

तिनं खाली पाहिलं. एप्रनची कड अजून चुरगळलेली होती, बोटांच्या आकाराची.

"सांगा," ती म्हणाली.

"किती?"

"आजच्यापेक्षा थोडा जास्त."